मागचे दार : एका कॅमेऱ्याच्या रूपांतराविषयी

'रूपांतर' या शब्दाचा आपल्या समीक्षेतील वापर काहीसा सैल आहे. कादंबरीचे नाटक होते तेव्हा आपण रूपांतर म्हणतो, परकीय नाटक मराठी वेषात आणले जाते तेव्हाही रूपांतरच म्हणतो, आणि मजकूर एका लिपीतून दुसरीत नेला तर त्याला लिप्यंतर असे वेगळे नाव देऊन मोकळे होतो. तिन्ही ठिकाणी काहीतरी टिकते आणि काहीतरी बदलते हे गृहीत असते. काय टिकले म्हणजे जुन्या कृतीची ओळख टिकली असे म्हणायचे, हा प्रश्न मात्र बहुधा बाजूला राहतो. साहित्यशास्त्र शिकवीत असताना हा प्रश्न मी वर्गात अनेक वर्षे मांडत आले. त्याला व्यवहारात उत्तर देण्याचा प्रसंग आला तो जुन्नरला, माझ्या मामांच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत, आणि निमित्त होते एक याशिका ६३५.

या जपानी कॅमेऱ्याला एकावर एक अशी दोन भिंगे असतात. वरचे भिंग पाहण्याचे, खालचे टिपण्याचे. छायाचित्रकार कॅमेरा छातीशी धरतो, मान खाली घालतो आणि वरच्या दुधी काचेत दृश्य पाहतो. आरशामुळे ते डावे-उजवे उलटलेले असते. १२० क्रमांकाच्या रोलवर सहा गुणिले सहा सेंटिमीटरचे बारा चौकोन मिळतात. 'सहा' आणि 'पस्तीस' हे दोन आकडे त्याच्या नावातच आहेत, कारण १९५८ मध्ये तो बाजारात आला तोच मुळी दोन प्रकारच्या फिल्मसाठी : सोबत मिळणारा जोडसंच बसवला की त्यातच ३५ मिलिमीटरची फिल्म चालत असे. रूपांतराची सोय त्याच्या जन्मातच होती, हे मी नंतर वादात वापरले. त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

मामांचे वय आता चौऱ्याऐंशी. त्यांनी बाजारपेठेतला स्टुडिओ चाळीस वर्षांहून अधिक काळ चालवला. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' मिळायची तेव्हा ती, परदेशी मिळाली तर परदेशी. तो उटीचा कारखानाही आता बंद आहे. रोल धुण्याची खोली पुढे धान्याच्या पोत्यांसाठी वापरली गेली. तिच्या भिंतीला हायपोचा वास अजून आहे असे मामींचे म्हणणे, मला तो कधी आला नाही. फिल्म नाही म्हणून मामांनी कॅमेरा ठेवून दिला असे आम्ही सगळे समजत होतो. खरे कारण वेगळे निघाले. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याला विकार झाला आहे. कडेचे दिसते, नेमके मध्ये दिसत नाही. ज्या काचेत वाकून त्यांनी आयुष्य काढले, त्या काचेच्या मध्यावर आता त्यांना एक करडा डाग दिसतो. मोठ्या पडद्यावर, हातभर अंतरावरून, मान जराशी वळवली तर त्यांना चेहरा ओळखू येतो. त्यांचा नातू इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने टीव्हीवर आजोबांना जुने फोटो दाखवताना हे हेरले आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्याच कॅमेऱ्यातलं टीव्हीवर दिसलं तर?"

मी त्या दिवशी तिथे होते, आणि माझा पहिला प्रतिसाद विरोधाचा होता. ज्या यंत्राने चांदीच्या क्षारांवर प्रकाशाचा प्रत्यक्ष ठसा घेतला, त्यात आकडे मोजणारी चकती बसवली की यंत्राचे केवळ कवच उरते, असे मी म्हणाले. मामा शांतपणे म्हणाले, "पोरी, मला काचेवर दिसत नाही. तुझ्या म्हणण्यानं दिसायला लागेल का?"

हा प्रश्न वादातल्या प्रतिपक्षाचा नव्हता. त्यामुळे त्याला वादातले उत्तरही नव्हते.

अशा रूपांतराचा इतिहास डिजिटल छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १९७५ मध्ये कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने जो पहिला प्रयोग केला त्यात शंभर गुणिले शंभर, म्हणजे अवघे दहा हजार बिंदू होते, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला तेवीस सेकंद लागत. १९९१ मध्ये त्याच कंपनीने व्यवसायासाठी जो पहिला डिजिटल कॅमेरा विकायला काढला, तो म्हणजे निकॉनचा एफ३ हा फिल्मचाच कॅमेरा होता. त्याच्या पाठीला संवेदक बसवलेला आणि चित्रे साठवण्याची पेटी खांद्याला वेगळी अडकवायची. म्हणजे नव्या युगाचा पहिला विक्रीयोग्य नमुना हाच एक रूपांतरित जुना कॅमेरा होता. १९९८ मध्ये एका अमेरिकी कंपनीने त्याहून मोहक कल्पना जाहीर केली : फिल्मच्या डबीच्याच आकाराचे एक साधन, डबीसारखेच कॅमेऱ्यात घालायचे, दार लावायचे, की जुना कॅमेरा डिजिटल. ते साधन ग्राहकांच्या हाती पडण्याआधीच २००१ मध्ये ती कंपनी बंद झाली. काहीही न बदलता सगळे बदलण्याचे ते आश्वासन होते. भाषांतराविषयीही अशी आश्वासने आपण ऐकलेली आहेत.

नातवापुढे प्रत्यक्षात तीन मार्ग होते. पहिला, कॅमेऱ्याच्या आतली चौकट कापून त्यात एखादा तयार डिजिटल कॅमेरा कोंबायचा. यावर मामांनी एका वाक्यात निकाल दिला : "दार काढ, भिंत पाडू नको." फिल्म घालण्यासाठीचे मागचे दार बिजागरीवर असते, ते उतरवता येते आणि पुन्हा बसवता येते. नवे जे काही असेल ते दाराच्या जागी यावे, दाराइतकेच सुटे असावे, ही त्यांची अट. संहितेला हात न लावता टीप वेगळी छापावी, अशी पाठचिकित्सकाची जी शिस्त असते, तीच ही. वि. का. राजवाड्यांची १९०९ मधली ज्ञानेश्वरीची आवृत्ती आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली प्रत यांच्यातला वाद अखेर याच प्रश्नाचा आहे : शुद्ध करणाऱ्याने भिंत पाडली की दार बदलले?

उरलेले दोन मार्ग मला फार बोधप्रद वाटले, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगते. एका मार्गात फिल्म जिथे पसरते त्या प्रतलातच संवेदक ठेवायचा. नातवाने रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा सव्वा कोटीच्या आसपास बिंदूंचा कॅमेरा-पट्टा आणला. पट्टा अडतीस मिलिमीटर चौरस आहे, त्यामुळे छप्पन्न मिलिमीटरच्या चौकटीत तो काही न कापता बसतो. पण त्यावरचा प्रत्यक्ष संवेदक केवळ सहा मिलिमीटरहून थोडा रुंद आणि पाच मिलिमीटरहून थोडा कमी उंच. भिंग आपले पूर्वीइतकेच विस्तीर्ण दृश्य आत पाठवते. त्याचा सुमारे शंभरावा भाग तेवढा वाचला जातो, बाकीचा प्रकाश पट्ट्याच्या हिरव्या पृष्ठावर वाया जातो. परिणाम असा की, ज्या भिंगात पूर्वी अख्खे लग्नघर मावे, त्यात आता वराच्या मुंडावळीचा एक गोंडा मावतो. तो मात्र अत्यंत स्पष्ट.

दुसऱ्या मार्गात त्याच प्रतलात दुधी काच ठेवायची, भिंगाला तिच्यावर आपले संपूर्ण चित्र पाडू द्यायचे, आणि मागे काळ्या डबीत बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्याने त्या काचेवरच्या चित्राचे चित्र घ्यायचे. इथे दृश्य संपूर्ण मिळते. त्यासोबत काचेचा रवाळपणाही मिळतो, मध्ये उजेड आणि कडांना अंधार, एकूण सगळ्यावर एक साय धरल्यासारखे.

भाषांतरमीमांसेशी परिचित वाचकाला ही जोडी ओळखीची वाटेल. एक पद्धत मुळाच्या थेट संपर्कात राहते आणि त्याचा तुकडाच हाती देते. दुसरी संपूर्ण मूळ देते, पण आपल्या पृष्ठभागाची खरखर त्यात मिसळूनच. तिसऱ्या पद्धतीचा शोध भाषांतरकार शतकानुशतके घेत आहेत. नातवाने दोन्ही केल्या. आता त्या कॅमेऱ्याला तीन दारे आहेत : एक मूळचे आणि दोन नवी.

यात एक गंमतीची गोष्ट घडली, ती सैद्धांतिक दृष्ट्या क्षुल्लक नाही. टीव्हीवर दिसणारे चित्र सरळ होते : डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. मामांचे हात मात्र उलट्या काचेला सरावलेले. अंगणातली तुळस चौकटीच्या मध्यावर आणायला ते कॅमेरा नेमका चुकीच्या बाजूला वळवू लागले. दोनतीनदा असे झाल्यावर नातवाला म्हणाले, "उलटं कर." त्याला वाटले, काही बिघडले. "बिघडलं नाही. सरळ आहे म्हणून अडतंय." एका ओळीच्या आज्ञेने चित्र उलटले आणि मामांचा हात तत्काळ बरोबर चालू लागला. वास्तवाशी साम्य आणि माध्यमाशी सराव या दोन गोष्टी आपण 'वास्तववादा'च्या चर्चेत किती सहज एक करून टाकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला पुस्तकांत सापडलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. नेल्सन गुडमन यांच्या १९६८ मधील 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या ग्रंथात कलांचे एक विभाजन आहे. काही कलांत मूळ आणि नक्कल हा भेद अर्थपूर्ण असतो. चित्र हुबेहूब उतरवले तरी ती नक्कलच. अशा कलांना आपण स्वहस्तनिष्ठ म्हणू. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ साहित्यात, अक्षरे तीच आणि त्याच क्रमाने असली की प्रत अस्सल. ती कुणी, कधी, कोणत्या शाईने लिहिली याने फरक पडत नाही. यांना संहितानिष्ठ म्हणू. या भेदामागे त्यांचा आणखी एक भेद आहे, तो सलग आणि सुट्या चिन्हव्यवस्थांचा. रेषेची जाडी केसभर बदलली तरी चित्रात ती वेगळी रेषा. 'क' कितीही वाकडा काढला तरी तो 'क'च. 'अॅनालॉग' आणि 'डिजिटल' हे शब्द गुडमन यांनी याच संदर्भात तपासले आहेत, आणि तेही सॅसनच्या कॅमेऱ्याच्या सात वर्षे आधी.

फिल्मवरचे छायाचित्र या वर्गीकरणात स्वहस्तनिष्ठ ठरते. प्रती अनेक निघाल्या तरी त्या त्याच निगेटिव्हपासून निघाल्या पाहिजेत. संवेदकापासून निघालेले चित्र आकड्यांची एक ओळ असते. आकडे तेच तर प्रत अस्सल, मग ती कुठेही असो. म्हणजे याशिकाचे दार बदलल्याने एक कला सरहद्द ओलांडून चित्राच्या प्रांतातून आमच्या, म्हणजे साहित्याच्या, प्रांतात आली. डिजिटल तंत्राविषयी साहित्यिकांनी काढलेले हळहळीचे सूर ऐकताना मला म्हणूनच थोडे नवल वाटते. अक्षरलिपी स्वीकारली त्या क्षणीच साहित्याने आवाजाची सलगता सोडून सुटी चिन्हे घेतली. आपण त्या पलीकडच्या तीरावर फार पूर्वीपासून राहतो आहोत.

या विभाजनाची एक आर्थिक बाजू गुडमन यांच्या पुस्तकात नाही, ती मामांच्या स्टुडिओत होती. गिऱ्हाईक फोटो घेऊन जाई, निगेटिव्ह स्टुडिओत राही. पुन्हा प्रत हवी तर पुन्हा इथेच यायचे. निगेटिव्ह ज्याच्याकडे, धंदा त्याचा. पोथी ज्या मठात, अर्थ लावण्याचा अधिकार त्या मठाचा, हेही असेच. आकड्यांच्या चित्राला असा मठ नसतो. मोबाईलमधून ते पाठवले की पाठवणाऱ्याजवळ जे उरते आणि घेणाऱ्याला जे मिळते त्यात ज्येष्ठ-कनिष्ठ काही नाही. तालुक्याच्या गावांतले स्टुडिओ बंद पडले त्याचे एक कारण फिल्म महागली हे असेल. पण मूळ प्रतीची मक्तेदारी संपली, हे त्याहून खोलचे कारण असावे असे मला वाटते.

मामांना नाणेघाटाला जायचे होते. पूर्वी एका अभ्यासकासाठी त्यांनी तिथल्या लेखाचे फोटो काढले होते, आणि नव्या दाराची परीक्षा तिथेच व्हावी असा त्यांचा हट्ट. चावंडवरून घाटघरच्या रस्त्याने आम्ही गाडीने गेलो. भात कापून झाले होते. घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून सांगतात तो. तिथून मामांना दोघांनी हात देऊन लेण्यापर्यंत उतरवले.

या लेण्याची रचना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहे. समोरच्या भिंतीवर सातवाहन कुळातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर नाव : सिमुक, नागनिका व श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. मूर्ती झिजून-फुटून गेल्या. राहिल्या त्या पायांच्या पुसट खुणा. नावे आजही वाचता येतात. प्रतिमा गेल्या आणि त्यांची शीर्षके राहिली. बाजूच्या दोन भिंतींवर राणीचा मोठा लेख आहे, बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे, आणि त्या यादीत आकडे आहेत : एक हजार सातशे गायी, दहा हत्ती, चोवीस हजार चारशे कार्षापण. भारतातल्या अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या मोठ्या संचांपैकी हा एक. त्यात शून्य नाही, स्थानमूल्य नाही. शंभराला एक चिन्ह, हजाराला दुसरे, आणि हजाराच्या चिन्हाला लहान आकडा जोडून मोठ्या संख्या बनवलेल्या. ज्या भिंतीवर प्रतिमा होत्या ती ओस आणि ज्या भिंतींवर अंक होते त्या बोलक्या, असे हे दालन आहे. आपण 'डिजिटल'ला 'अंकीय' म्हणतो. तो प्रतिशब्द मला एरवी रुक्ष वाटतो; इथे उभे राहून वाटला नाही.

अर्थात अंक टिकले म्हणजे अर्थ टिकला असे नव्हे, आणि मूर्तींवर अक्षरांनी मिळवलेल्या या विजयाचा फार उत्सव करण्याचे कारण नाही. १८२८ मध्ये कर्नल साइक्स यांना हा लेख दिसला तेव्हा तो कुणालाच वाचता येत नव्हता. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास ब्राह्मी उलगडल्यावर शब्द बोलू लागले. आकड्यांचे कोडे भगवानलाल इंद्रजी यांनी १८७० च्या दशकात सोडवले. ब्यूलर यांचे वाचन १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. मधली शतकानुशतके लेख भिंतीवर जसाच्या तसा होता आणि तरीही तो नव्हता. संहितानिष्ठ वस्तूचे हे खास मरण आहे : ती अखंड असते आणि मुकी असते. झिजलेली मूर्ती कुणाचीही असो, मूर्ती आहे एवढे तरी सांगते. अपरिचित लिपी तेवढेही सांगेलच असे नाही. माझा स्वतःचा प्रबंध नव्वदच्या दशकात ज्या मराठी टंकात जुळवला होता, तो टंक आता कुठल्याही संगणकात नाही. धारिका उघडते. आकडे सगळे जागच्या जागी आहेत. पडद्यावर मात्र रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांचा खच दिसतो. दोन हजार वर्षे लागली नाहीत, पंचवीस पुरली.

लेण्यात आधी दुधी काचेचे दार लावून पाहिले. भिंत सगळी दिसली, अक्षर एकही उठून आले नाही. मग संवेदकाचे दार. जुन्या फोटोच्या वेळी मामांनी आरशाने बाजूने तिरपा उजेड टाकला होता. उजेड समोरून पडला तर कोरीव अक्षर सपाट होते, तिरपा पडला तर त्याच्या कडा सावली धरतात. या वेळीही घरचा आरसा नेला होता. सुमारे दोन मीटरवरून त्या दारातून दीड-दोन अक्षरांपुरती वीतभर जागा दिसत होती. नातवाने पडदा मामांपुढे धरला. मान तिरकी करून, डागाच्या कडेने, ते बराच वेळ बघत राहिले. "मागच्या वेळी सबंध भिंत घेतली होती," ते म्हणाले, "छिन्नी कुठं घसरलीय ते तेव्हा दिसलं नव्हतं." ज्या न्यूनामुळे मी हे दार नापसंत केले होते, त्याच न्यूनामुळे त्यांना हे दिसले. तरीही माझे मत पूर्ण बदललेले नाही. दीड अक्षर म्हणजे लेख नव्हे. आणि निकटवाचनाचा आग्रह धरणाऱ्या समीक्षकांना मी हेच सांगत आले आहे.

इथवर मी मुद्दाम एक गोष्ट बाजूला ठेवली. संवेदक प्रकाशाला 'थेट' वाचतो असे वर म्हटले, ते अर्धवट खरे आहे. संवेदकाच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवे किंवा निळे यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची. तिचे एकस्व १९७६ मधले. म्हणजे प्रत्येक बिंदूला एकच रंग प्रत्यक्ष दिसतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अनुमानाने भरले जातात. रंगीत डिजिटल चित्रातला दोन तृतीयांश रंग अनुमानित असतो. रोमान इनगार्डन यांनी साहित्यकृतीतील ज्या अनिर्धारित जागांविषयी लिहिले आणि ज्या वाचक भरतो, त्या जागा इथे यंत्र भरते, चित्र आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच. शेजारच्या बिंदूवरून केलेले अनुमान बहुधा बरोबर असते. बहुधा.

हा 'बहुधा' किती महाग असू शकतो ते आंबेगावच्या एका गृहस्थांमुळे कळले. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते मूळ गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. या गृहस्थांचे घर त्या पाण्यात आहे. त्यांच्या वडिलांनी जुन्नरच्या बाजाराला आले असताना मामांकडे एकदाच फोटो काढला होता. प्रत स्थलांतरात हरवली. पावती, तिच्यावरच्या क्रमांकासह, कशी कोण जाणे राहिली. निगेटिव्ह सापडली. तिच्यावर बुरशी चढली होती आणि डाव्या गालापासून डोळ्यापर्यंतचा भाग खाल्लेला होता. नातवाने ती स्कॅन केली, आणि हल्ली ज्या आज्ञावली रिकामी जागा आपोआप भरतात त्यांतली एक वापरून चेहरा पूर्ण केला. फार सुरेख झाला होता. मोठ्या पडद्यावर पाहून मामा म्हणाले, "हा त्यांचा बाप नाही."

नातू दुखावला. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते : आजोबांनी आयुष्यभर पेन्सिलीने टचिंग केले, निगेटिव्हवर ग्रॅफाइट घासून देवीचे व्रण बुजवले, सुरकुत्या पुसल्या, मग हे काय निराळे? मामा बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "मी व्रण बुजवला तो बघून बुजवला. माणूस पुढ्यात बसलेला होता. कुठं थांबायचं ते त्याच्याकडे बघून ठरत होतं. ह्यानं कुणाकडे बघितलं?"

रोलाँ बार्थ यांनी १९८० मधल्या आपल्या अखेरच्या पुस्तकात छायाचित्राचे सार त्याच्या 'होतेपणा'त पाहिले : जे टिपले गेले ते त्या क्षणी भिंगासमोर होते, एवढीच छायाचित्राची हमी. त्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी त्यांच्या आईचे लहानपणीचे एक छायाचित्र आहे आणि ते त्यांनी छापलेले नाही. मामांचे वाक्य मला या हमीची दुरुस्ती वाटते. माणूस केवळ भिंगासमोर असून भागत नाही. जो भरतो त्याच्यासमोरही तो असावा लागतो. भर घालणे हा दोष नव्हे, ती कुणी केली आणि कशाला उत्तरदायी राहून केली हा प्रश्न आहे. जुन्या हस्तलिखितातली गळालेली ओवी भरणारा लेखनिक आणि केवळ छंद जुळतो म्हणून भरणारा लेखनिक यांच्यात पाठचिकित्सा जो भेद करते, तो याच स्वरूपाचा आहे.

त्या गृहस्थांपुढे दोन्ही प्रती ठेवल्या : बुरशीची आणि भरलेली. वडील गेले तेव्हा ते पाच वर्षांचे होते, त्यामुळे कोणता चेहरा खरा हे त्यांनाही सांगता येणार नव्हते. त्यांनी दोन्ही घेतल्या. भिंतीवर लावायला भरलेली चौकटीत घालून मागितली. बुरशीची पाकिटात घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

खटक्याबद्दलही वाद झाला, तो थोडक्यात सांगते. संवेदकाला यांत्रिक शटरची गरज नसते. तो आपला आपण सुरू होतो आणि थांबतो. शटर सतत उघडे ठेवले की झाले, असे नातवाने सुचवले. मामांनी ते साफ नाकारले. "मग फोटो मी काढला असं कसं म्हणू?" शेवटी अशी तोड निघाली की कळ दाबल्यावर संवेदक एक सेकंद जागा राहतो, आणि त्या सेकंदाच्या आत मामा खालच्या भिंगाचे शटर स्वतः चढवून, स्वतः सोडतात, एक शतांश किंवा एक पंचविसांश सेकंदाचे. प्रकाश तेवढ्याच क्षणी आत येतो; बाकीचा सेकंद अंधार मोजला जातो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे द्राविडी प्राणायाम आहे, आणि चित्रात थोडी जास्त खरखर येते. पण गुडमन यांनी ज्या ओळखीचा शोध संहितेत घेतला ती मामांच्या लेखी एका कृतीत, अंगठ्याच्या एका हालचालीत होती. या दोन उत्तरांतून एक निवडावे असे मला वाटत नाही. नारायणगावजवळ खोडदला जी रेडिओ दुर्बीण आहे तिच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या गोविंद स्वरूप यांच्या काळात उभ्या राहिल्या त्याच आहेत. मागची ग्रहणयंत्रणा मात्र गेल्या दशकात अशी बदलली की जिथे एका वेळी बत्तीस मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकू येई तिथे चारशेपर्यंतचा ऐकू येतो. तिला कुणी 'नवी दुर्बीण' म्हणत नाही, आणि 'जुनीच' असेही कुणी म्हणत नाही. खगोलशास्त्रज्ञांना हा प्रश्न फारसा छळत नसावा.

मामांच्या स्टुडिओत लाल कापडी बांधणीच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येक निगेटिव्हला क्रमांक, समोर तारीख, नाव, गाव, प्रती किती. आंबेगावच्या पावतीवरून निगेटिव्ह सापडली ती या वह्यांमुळेच. शेवटची नोंद २००६ मधली आहे, एका शाळेच्या सामूहिक फोटोची. नाणेघाटाहून परतल्यावर नातवाने छायाचित्रे संगणकावर चढवली, आणि यंत्राने त्यांना आपले क्रमांक देऊन टाकले, शून्यापासून. मामांनी वही मागवली. यंत्राचा क्रमांक काय ते विचारले, ऐकले, आणि तो न लिहिता २००६ च्या नोंदीखाली पुढचा क्रमांक घातला. त्यांना ओळ दिसत नव्हती म्हणून मी पट्टी धरली. नावाच्या रकान्यात काय लिहायचे यावर ते थोडे थांबले, मग 'राणीचा लेख' असे लिहिले. गाव : घाटघर. प्रती : या रकान्यात त्यांनी एक आडवी रेघ ओढली आणि वही मिटली.